मदत हवी आहे: फसवणुकीनंतर आता 'पैसे परत मिळवून देणारा' मामाच्या मागे लागलाय

नमस्कार. विषय घरातला आहे, म्हणून तपशील जुजबी देते.

माझा मामा आयुष्यभर हिशेबखात्यात होता. ताळेबंदातला एक आकडा जुळेना म्हणून रात्र जागवणारा माणूस. त्याने चॅटवरच्या एका गुंतवणूक गटात बरीचशी पुंजी घालवली. आधी थोडे पैसे टाकले, ते त्यांनी नफ्यासकट काढूही दिले. तिथेच विश्वास बसला. मग मोठी रक्कम, स्क्रीनवर फुगत जाणारा नफा, आणि काढायची वेळ आली तशी 'आधी कर भरा'. तो 'कर' मामाने दोनदा भरला. गटात "मलाही मिळाले" म्हणणारे बहुधा सगळे त्यांचेच.

तक्रार केली आहे, बँकेलाही कळवलंय. प्रश्न पुढचा आहे.

आठवडाभर एक 'वसुली अधिकारी' फोन करतोय. अडकलेले पैसे सापडलेत, प्रक्रिया शुल्क भरलं की परत मिळतील म्हणे. रक्कम, तारखा, गटाचं नाव, सगळं त्याला तोंडपाठ. मामा म्हणतो, "एवढं ठाऊक आहे म्हणजे माणूस खरा असणार." मी म्हटलं, एवढं ठाऊक कुणाला असेल? ज्यांनी लुटलं त्यांना, नाहीतर ज्यांनी त्यांच्याकडून यादी विकत घेतली त्यांना. तर म्हणाला, "ते घाई करायचे. हा म्हणतो, सावकाश विचार करा." यावर काय बोलणार!

चूक माझीही झाली. पहिला प्रकार कळला त्या दिवशी सगळ्यांसमोर "एवढा हिशेबी असून तुला कळलं कसं नाही?" असं बोलून गेले. तेव्हापासून मामा फोन पालथा ठेवतो. तो माणूस "घरच्यांना आत्ताच सांगू नका, पैसे आले की दाखवा" म्हणतो, हे मामीच्या कानावर पडलं म्हणून कळलं. मला वाटतं मामाला पैशांपेक्षा तो दिवस पुसून टाकायचाय.

फोन काढून घेणं, परस्पर नंबर ब्लॉक करणं मनाला पटत नाही. अशा माणसाशी कुणी बोललं आहे का? सुरुवात कशी केलीत?

शून्यप्रहर:
फोन काढून घेऊ नका, तो दुसरा फोन आणेल. "घरच्यांना सांगू नका" हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमच्या आज्ञापालनाच्या प्रयोगात (1961 पासूनचे) समोरच्या माणसाला विजेचे झटके द्यायला सांगत. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नसे. 40 पैकी 26 जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. पण शेजारी बसलेल्या दोघांनी आधीच नकार दिला, तेव्हा 40 पैकी फक्त 4. माणसाला एकटं पाडणं हे या लोकांचं भांडवल आहे. 'नाही' म्हणणारं कुणीतरी मामांच्या शेजारी बसवा. ते तुम्ही नको, त्यांच्या वयाचं, त्यांना मान असलेलं कुणी.

निंबोणी:
आईच्या बाबतीत हेच झालं होतं. मी आधी माफी मागितली, आणि त्या दिवशी दुसरं काहीच बोलले नाही. दोन दिवसांनी सहज विचारलं, "शुल्क मिळणाऱ्या रकमेतून वजा का करत नाहीत?" उत्तर मी दिलं नाही. आईने त्यालाच विचारलं. सावकाश बोलणारा तो माणूस एकदम खेकसला, आणि आईने तो आवाज स्वतः ऐकला. तुमचे मामा तर हिशेबातले.
आणि हो, स्क्रीन दाखवायचं एखादं अ‍ॅप घ्यायला लावलंय का, ते बघा.

धागाकर्ती:
वजावटीचा मुद्दा मामाला नक्की टोचेल. त्याचे जुने साहेब अजून येऊन-जाऊन असतात, त्यांच्याशी बोलते. माफी मात्र आजच.
निंबोणी, मामीने आत्ता बघितलं. तसं अ‍ॅप आहे. लगेच काढू का?

शून्यप्रहर:
आधी त्या फोनचं इंटरनेट बंद. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पासवर्डही तिथूनच बदला. अ‍ॅप त्यानंतर, आणि मामांच्या हाताने.