'फ्लड' म्हणजे दर वेळी 'पूर'च का?

शिरोळची लेक

घरून भाषांतरं करते. एजन्सीने शब्दसूची दिलीय, तीत 'फ्लड = पूर' असं कुलूप ठोकलंय. दुसरा शब्द टाकला की सॉफ्टवेअर लाल रेघ ओढतं. त्यामुळे गेल्या दोन महिन्यांत माझ्या हातून 'तक्रारींचा पूर' झाला, 'पूरप्रकाशात न्हालेलं मैदान' झालं, आणि कडी म्हणजे एका जुन्या दुचाकीच्या पुस्तिकेत 'इंजिनाला पूर आल्यास'. पाठवताना मलाच हसू आवरेना.

पण हसण्यावारी नेता येत नाही, कारण माझं माहेर नृसिंहवाडीजवळ आहे. तिथं कृष्णेला पंचगंगा मिळते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ. आणि गंमत अशी की पाणी चढत असतं तेव्हा घरात 'पूर' हा शब्द कुणी काढत नाही. 'पाणी वाढलंय', 'पाणी पायरीला लागलं', 'पाणी फुगलंय', एवढंच. वाडीच्या दत्तमंदिरात नदी शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते, तेव्हा तर लोक तिथं स्नानाला गर्दी करतात. दक्षिणद्वार सोहळा म्हणतात त्याला. तेच पाणी आणखी चढलं की म्हशी सोडायच्या, धान्य माळ्यावर टाकायचं. २०१९च्या ऑगस्टनंतर 'ऑफर्सचा महापूर' अशी पाटी दिसली की मी त्या दुकानाची पायरी चढत नाही.

आता विम्याचं काम आलंय. त्यात फ्लड आणि इनन्डेशन (जागा पाण्याखाली जाणं) शेजारी शेजारी बसलेत. दोन्हींना पूर म्हणू? सुचवा काहीतरी.

गॅरेजवाला

ताई, इंजिनाचं माझ्याकडून घ्या. आमच्यात 'ओव्हरफ्लो झालं' म्हणतात, नाहीतर 'पेट्रोल जास्त गेलं'. कार्ब्युरेटरच्या जुन्या स्कूटरवर हा रोजचा खेळ होता. कॉक बंद करायचा, प्लग काढून पुसायचा, पुन्हा बसवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळायचा आणि किका मारत राहायच्या. पुस्तिकेत 'इंजिनात पेट्रोल जास्त झाल्यास' लिहा, गिऱ्हाइकाला कळेल. पूर आलेलं इंजिन वेगळं. ते नदीचं पाणी शिरलेलं. त्याला स्टार्टर मारला तर संपलाच, आणि बिलही वेगळं.

बोरिवली स्लो

मुंबईकर म्हणून भर घालतो. आमच्याकडे पाणी 'भरतं' किंवा 'तुंबतं'. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, मिठी पात्र सोडून वस्त्यांत घुसली. नियमाने तो पूरच. पण आम्ही अजून त्याला 'सव्वीस जुलै' म्हणतो, तारखेनेच. पूर म्हटलं की आम्हाला नदी आठवावी लागते, आणि मिठीला नदी म्हणायची सवय त्याच दिवशी लागली.

तुमच्या इनन्डेशनला 'पाणी साचणे' चालेल का बघा. आणि 'फ्लड टाइड' कधी आलं तर जपून, ती साधी भरती, रोजची. अमावास्या-पौर्णिमेला येतं ते उधाण. म्हणून तर आनंदाला उधाण येतं. आनंदाला रोजची भरती आली असती तर कुणी सांगत बसलं नसतं.

डेअरीतला म्हातारा

पूर शब्द सगळीकडे अशुभ नाही हो. १९७०ला देशभर दूध वाढवायचं 'ऑपरेशन फ्लड' सुरू झालं, अमूलच्या कुरियनसाहेबांचं, तेव्हा मराठीत त्याचं 'दुधाचा महापूर' झालं आणि ते लोकांना पटलं. सुरुवातीचा पैसा युरोपातून दान आलेली दूधभुकटी आणि बटर ऑइल विकून उभा राहिला. म्हणजे पुराचं पहिलं पाणी परदेशी! आमची आई मात्र म्हणायची, महापूर कसला, दूध ऊतू जातं. ऊतू जाणं घरातलं, चुलीवरचं. पूर गावाचा.

कोपऱ्यातला वाचक

तक्रारींना 'पाऊस' किंवा 'रीघ' लावा, अर्जांचा 'खच' पडतो. मैदानावरचे ते प्रकाशझोत, त्यात वाद नको. आठवणींना पूर चालतो, अश्रूंनाही. 'लोंढा' मात्र माणसांना लावताना दोनदा विचार करा. शब्द मुळात पाण्याचा, पण घरदार सोडून आलेल्यांना लोंढा म्हटलं की तो ऐकणाऱ्याला लागतो. मी सरळ 'हजारो लोक आले' लिहितो.

शिरोळची लेक

सगळ्यांचे आभार. इंजिन गॅरेजवाल्या दादांचं, तक्रारींची रीघ, प्रकाशझोत, हे सगळं एजन्सीला कारणांसकट पाठवलं. लाल रेघा येऊ देत. 'साचणे' मात्र घेतलं नाही. साचलेलं पाणी अंगणात असतं, विमा मागणाऱ्याचं कपाट भिजलेलं असतं. म्हणून फ्लडला पूर ठेवला आणि इनन्डेशनला 'घरात वा दुकानात पाणी शिरणे' लिहिलं.

खात्री करायला आईला फोन लावून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "शिरतोय तो चोर. पाणी येतंय."

आता हे विमा कंपनीला कसं कळवू?