सहा माणसांसाठी कोणती एसयूव्ही? ग्वाल्हेरकरांनो, अनुभव सांगा

फेब्रुवारीत आमच्याकडे दुसरं बाळ येतंय. आई-बाबा आमच्याजवळच असतात, म्हणजे सहा माणसं झाली. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात घेतलेल्या गाडीला रोड टॅक्समध्ये 50 टक्के सूट मिळाली की बराच पैसा वाचतो, म्हणून सवलतीच्या आदेशाची वाट बघतोय. सात सीटची घ्यावी की लश्कर भागातल्या गल्लीत शिरेल अशी छोटी? वापरणाऱ्यांनी सांगा.

*

आम्ही जनकगंजात राहतो, उंच सात सीटची घेतली. शोरूमला आम्ही नवरा-बायको दोघंच गेलो, तिथेच चुकलं. पूजा झाली, नारळ फुटला, आणि सासूबाईंचा पाय काही पायरीवर चढेना. एक हात वरच्या मुठीला, दुसरा माझ्या खांद्यावर, गुडघा थरथरत होता. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून डिकीत एक लाकडी पाट कायम असतो.

दुसरं म्हणजे, मागच्या रांगेत जायचं तर मधली सीट दुमडावी लागते, आणि तिच्यावर बाळाची सीट आयसोफिक्सला (गाडीच्या सीटमधल्या पक्क्या कड्यांना) अडकवली की ती दुमडत नाही. मधे दोन सुट्या कॅप्टन सीट असतील तर मधून वाट राहते. माणसं मात्र सहाच बसतात. तुम्हाला तेवढीच हवीत, तर तीच बघा.

*

डिकीचा विचार आधी करा. अर्टिगा तशी एसयूव्ही नव्हे, पण आकड्यांवरून अंदाज येतो: तिसरी रांग उभी असली तर 209 लिटर, पाडली तर 550. म्हणजे सगळी माणसं बसवून झाशीला लग्नाला निघालं की बॅगा मांडीवर. आणि आपल्याकडचा मे महिना! पारा 45 च्या घरात असताना शेवटच्या रांगेत गार हवा पोचते का, हे दुपारी स्वतः मागे बसून बघा. आमच्या मुलीला पहिल्याच उन्हाळ्यात मागे बसून उलट्या झाल्या.

*

आम्ही चार मीटरच्या आतली पाच सीटचीच घेतली. सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर 18 टक्के जीएसटी आहे, मोठ्यांवर 40. सगळे मिळून वर्षातून दोनदा जातो, तेव्हा भाड्याची मागवतो. दौलतगंजात रोज गाडी लावायची आहे, ते महत्त्वाचं.

*

भारत एनकॅपचे, म्हणजे गाडीच्या धडक चाचणीचे, नुसते तारे बघू नका. मुलांच्या सुरक्षेचे गुण वेगळे असतात, 49 पैकी. दोन लहान मुलं असतील तर मी तोच आकडा आधी वाचेन.

*

मनापासून आभार. पाटाचं वाचून आई म्हणाली, "मला न नेता गाडी ठरवू नकोस रे." रविवारी दुपारी दोनला ट्रायल ठेवलीय, सगळे जाणार. गल्लीच्या वळणाला आज टेप लावला: आठ फूट भरलं, नाल्यावरची फरशी सोडून.