अंडी देणे थांबलेल्या जुन्या कोंबड्या: मांस चिवट का राहते?

प्रश्न: माझ्याकडील सहा कोंबड्या तीन वर्षांच्या झाल्या असून बहुतेकींनी अंडी देणे थांबवले आहे. त्यांपैकी एक कापून लगेच शिजवली, तर तासाभरानंतरही मांस रबरासारखे राहिले आणि पिसे उपटताना कातडी फाटली ती वेगळीच. माझे काय चुकले असावे?

उत्तर १: पिसे सुटण्यासाठी कोंबडी ज्यात बुडवलीत, ते पाणी बहुधा उकळते होते. ते साधारण ६५ अंशांवर ठेवून कोंबडी मिनिटभर बुडवावी आणि शेपटीचे पीस सहज सुटू लागले की बाहेर काढावी. मांसाचे म्हणाल, तर कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात. म्हणून साफ केलेली कोंबडी लगेच थंड करून एक-दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवावी आणि मांडी हलवल्यावर सैल वाटली, तरच शिजवायला घ्यावी. वयाबरोबर स्नायूंतील संयोजी ऊती (स्नायूंचे तंतू बांधून ठेवणारा भाग) घट्ट होत जातात, त्यामुळे तासाभराचे शिजणे अपुरेच पडते. मंद आचेवर भरपूर पाण्यात तीन तास तरी द्यावेत. रस्सा मात्र कोवळ्या कोंबडीला कधी जमणार नाही असा होतो.

उत्तर २: कापण्यापूर्वी दहा-बारा तास खाद्य बंद ठेवावे, पाणी मात्र द्यावे. पित्ताची पिशवी फुटू देऊ नये. पोटात कवच नसलेल्या पिवळ्या बलकांची माळ सापडली, तर ती कोंबडी अजून अंडी देत होती असे समजावे (माझ्याकडून ही चूक दोनदा झाली आहे). त्यामुळे आधी गुदद्वाराजवळची दोन हाडे चाचपावीत. त्यांत जेमतेम एक बोट मावत असेल, तर अंडी बहुधा थांबलेली असतात.

प्रश्नकर्ता: पाणी खरोखरच उकळते होते. दुसरी कोंबडी आज फ्रीजमध्ये ठेवली आहे.