मॅरियन प्रिचर्ड : वाचन ग्रुपवरची चर्चा

साने काकू (ए ४०२): काल राजवाडे काकांनी विचारलं होतं, नाझींच्या काळात साध्या माणसाच्या हातात होतं तरी काय? त्यावर मला मॅरियन प्रिचर्डबद्दल लिहायचंय. माहेरची फान बिन्सबर्गेन, जन्म १९२०, नेदरलँड्समधलं ॲमस्टरडॅम. समाजकार्य शिकत होती. देश जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४२ मध्ये, सायकलवरून कॉलेजला जाताना तिला ज्यू मुलांच्या वसतिगृहासमोर नाझी दिसले. हात, पाय, केस, जे हाताला लागेल त्याला धरून ते मुलांना ट्रकमध्ये फेकत होते. दोन बायका अडवायला धावल्या, तर त्यांनाही ट्रकमध्ये घातलं. मॅरियन रस्त्यावर उभी राहून रडत होती. यापुढे जमेल ते करायचं, हे तिने तिथेच ठरवलं.

गौरी (सी ५०१): बापरे. पण काकू, तिथले ज्यू लोक पळून का नाही गेले?

साने काकू (ए ४०२): जाणार कुठे गं? सपाट देश, लपायला डोंगर नाहीत, मोठी जंगलं नाहीत. एका बाजूला जर्मनी, खाली जर्मनांनीच घेतलेला बेल्जियम, बाकी समुद्र. त्यात नगरपालिकेच्या नोंदी इतक्या चोख, की कोण ज्यू आणि कुठे राहतो ते कागदावर तयार. सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी एक लाखाहून जास्त मारले गेले. चारातले तीन.

साने काकू (ए ४०२): मॅरियनने फ्रेड पोलाक या ज्यू माणसाला आणि त्याच्या तीन मुलांना ॲमस्टरडॅमजवळच्या हाउझेन गावातल्या एका घरात ठेवलं. दोन लहान मुलगे, एक तान्ही मुलगी. जमिनीच्या फळ्यांखाली लपायची जागा केलेली. गाडीचा आवाज आला की सगळ्यांनी काही सेकंदांत आत उतरायचं. बाळ रडू नये म्हणून त्याला झोपेची पूड द्यायची.

डॉ. मेधा (बी ३०१): तान्ह्या बाळाला झोपेचं औषध! डॉक्टर म्हणून वाचवत नाही. पण त्या घरात मी असते तर मीही दिलं असतं.

साने काकू (ए ४०२): आणि एका रात्री ती पूड द्यायलाच वेळ मिळाला नाही. जर्मन आले, बरोबर एक डच पोलीस होता. झडती झाली, काही सापडलं नाही, गेले. बाळ रडायला लागलं म्हणून मुलांना वर काढलं. अर्ध्या तासाने तो डच पोलीस एकटा परत आला. मॅरियनजवळ मित्राने दिलेलं छोटं पिस्तूल होतं. तिने गोळी घातली. तो जागीच मेला.

राजवाडे काका (बी १०३): आपल्याच देशाचा माणूस. मला प्रश्न पडतो, दुसरा उपाय नव्हता का?

साने काकू (ए ४०२): काका, हा प्रश्न तिनेही सोडला नाही. दुसरा मार्ग असता तर बरं झालं असतं असं ती म्हातारपणीही म्हणायची, आणि पुन्हा तीच वेळ आली तर तेच करीन असंही. मला तिच्याबद्दल आदर वाटतो तो या दोन्ही गोष्टी एकत्र बोलण्यामुळे. तिने त्या गोळीची शौर्यकथा केली नाही.

निनाद (डी २०४): मग मृतदेहाचं काय केलं? युद्धाच्या काळात पोलीस गायब झाला तर शोध होणारच.

साने काकू (ए ४०२): इथेच तुम्हाला सगळ्यांना थांबवायचंय. कारेल पून्स नावाचा ज्यू बॅले नर्तक शेजारीच लपलेला होता. तो संचारबंदीत बाहेर पडून बेकरीवाल्याकडे गेला. बेकरीवाल्याने आपल्या गाडीतून प्रेत न्यायचं कबूल केलं. अंत्यविधी करणाऱ्याने ते दुसऱ्याच मयताच्या पेटीत घालून पुरलं. यातल्या एकानेही तोंड उघडलं असतं तर सगळे गेले असते.

साने काकू (ए ४०२): अजून एक. ती एकदा दुसऱ्या एका ज्यू तान्हीला घेऊन आगगाडीने उत्तरेकडे गेली. ज्या घरी सोपवायची ते लोक पकडले गेले होते. स्टेशनवर भेटलेल्या माणसाने तिला थोडा आराम कर म्हणून स्वतःच्या घरी नेलं. ती जागी झाली तेव्हा त्याची बायको बाळाचं दुपटं बदलत होती. दोघांनी बाळ ठेवून घेतलं. शेजाऱ्यांना सांगितलं, ही पापी मुलगी आहे, लग्नाआधी मूल झालं, आता ते आम्ही सांभाळणार आणि हिने पुन्हा तोंड दाखवायचं नाही. मॅरियनने तो कलंक मुकाट्याने घेतला.

डॉ. मेधा (बी ३०१): नंतर अमेरिकेत गेली ना?

साने काकू (ए ४०२): हो. युद्धानंतर जर्मनीत निर्वासितांच्या छावण्यांत काम केलं. तिथेच टोनी प्रिचर्ड हा अमेरिकन अधिकारी भेटला. १९४७ ला लग्न, मग अमेरिका. पुढे व्हरमाँटमधल्या खेड्यात घर, तीन मुलगे, मनोविश्लेषक म्हणून काम. १९८१ मध्ये इस्रायलच्या याद वाशेमने, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मारक संस्थेने, गौरव केला. दीडशेच्या आसपास माणसं तिच्या मदतीने वाचली असं सांगतात. २०१६ मध्ये गेली, ९६ वर्षांची होऊन. तिचं एक म्हणणं मला फार पटतं : त्या काळातल्या लोकांचे मूठभर चांगले आणि बाकी सगळे वाईट असे दोन ढीग करू नका.

राजवाडे काका (बी १०३): पण त्या चारातल्या तिघांना वाचवायला कोणी आलं नाही, हेही तितकंच खरं. ते मी विसरणार नाही.

साने काकू (ए ४०२): विसरूच नका काका. तीही विसरली नव्हती.

गौरी (सी ५०१): काकू, रविवारी क्लबहाऊसमध्ये मुलांना हे सांगाल? लहानांना गोळीचा भाग नको, असं मला वाटतं.

साने काकू (ए ४०२): लहानांना चार वाजता आगगाडीतल्या बाळाचं सांगते. आठवीच्या वरच्यांना पाच वाजता पूर्ण सांगेन. राजवाडे काका, पाचला तुम्हीही या. तुमचा प्रश्न मुलांसमोर विचारा.

राजवाडे काका (बी १०३): येतो.