पत्रिकेतलं 'गं. भा.'

शब्द बदलला की समाज बदलतो, असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. लग्नपत्रिका बघा. पुरुष 'चि.'चा 'श्री.' होतो तो कायमचा, बायको गेली तरी. बाई मात्र 'कु.', मग 'सौ.', आणि नवरा गेला की 'गं. भा.'. गंगाभागीरथी! इतकं पवित्र नाव दिलं, पण हळदीकुंकवाचं बोलावणं काही आलं नाही. २०२३ मध्ये विधवांसाठी हाच शब्द वापरण्याचा प्रस्ताव सरकारात पुढे आला, तेव्हा बायकांनी कडाडून विरोध केला. योग्यच केलं.

याउलट शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला. नवा शब्द शोधत बसले नाहीत, थेट प्रथेलाच हात घातला. वागणं बदललं की 'गं. भा.' आपोआप गळून पडेल असं मला वाटतं.

तरी शब्दाचं मोल आहेच. भाचीच्या पत्रिकेत आम्ही सगळ्या बायकांच्या नावांआधीची अक्षरं काढली. आजी स्वतःच्या नावावरून कितीतरी वेळ बोट फिरवत होती.