तारकर्ली-देवबागच्या पर्यटनावर प्रबंध : प्रश्नावली कुणाला, कुठे, कधी द्यायची?

कुडाळची_लेक
नमस्कार. मी भूगोलात एम. ए. करतेय. प्रबंधाचा विषय : तारकर्ली-देवबागचं पर्यटन आणि गावातला रोजगार. संशोधन पद्धतीचा पेपर दिला, पण त्यात सगळ्या व्याख्याच होत्या. प्रत्यक्ष गावात जाऊन काय करायचं, ते कुणी शिकवलं नाही. सर म्हणतात, ३८४ प्रश्नावल्या भरून आण. मैत्रिणी म्हणतात, गुगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, दोन दिवसांत होतील. मला तसं करायचं नाहीये. काम असं व्हायला हवं की गावातल्या माणसाने वाचलं तर त्याला पटेल. डिसेंबरात जाणार आहे. सुरुवात कुठून करू?

आकडेमोड_सांगली
आधी ३८४ चं बघू. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरली, की १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५ चा वर्ग = ३८४.१६. पण हे सूत्र यादृच्छिक नमुन्याचं आहे, म्हणजे जिथे प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखीच संधी असते. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन हजार उत्तरं आली, तरी ती ओळखीपाळखीच्यांचीच.

पर्यटकांची यादी कुठे मिळत नाही, म्हणून जागा आणि वेळ वाटून घे. मालवणच्या धक्क्यावर सिंधुदुर्ग किल्ल्यावरून परतलेल्या होडीतून उतरणाऱ्यांना विचार. चढणाऱ्यांना घाई असते. दर दहावा माणूस, सकाळ-दुपार दोन्ही, शनिवार-रविवार आणि मधले वारही. कुटुंब असेल तर ज्याचा वाढदिवस सर्वांत आधी येणार आहे त्यालाच विचार, नाहीतर प्रत्येक घरातले बाबाच उत्तर देतात. किती जणांनी नकार दिला तेही लिहून ठेव. आणि मुक्कामाला आलेला व दिवसात परतणारा हे वेगळे मोज. रोजगाराच्या प्रश्नात हा फरक मोठा आहे.

देवबागची_काकू
बाळा, पर्यटकांना डिसेंबरात विचार, पण आम्हाला नको. नाताळात खोल्या भरलेल्या असतात, पहाटेपासून घावनांचा तवा चुलीवर असतो. तुझ्यापुढे बसून कोण बोलणार? आमच्याकडे पावसात ये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, स्कूबा आणि होड्याही बंद, सगळे घरी असतात. तेव्हा तू निघ म्हटलंस तरी बोलणं संपणार नाही.

"उत्पन्न किती?" असं विचारू नकोस. घरपट्टी वाढेल या भीतीने जो तो कमीच सांगतो. खोल्या किती, मे महिन्यात किती रात्री भरल्या, चादरी कोण धुतं, तिला काय देता, सुरमई कुणाकडून घेता, भाजी कुठून येते, हे विचार. पाहुण्याने दिलेल्या पैशातलं गावात किती राहिलं आणि बाहेर किती गेलं, ते यातूनच कळेल. आमच्याकडे नोंदवही असते, त्यात आल्या-गेल्याची तारीख. नावं सोडून तारखा उतरवून घ्यायला मी तरी नाही म्हणणार नाही.

आणि ओटीवर बसून मुलाखत घेऊ नकोस. ओटीवर घरधनी बोलतो. स्वयंपाकघरात ये, नारळ खवता खवता बायका खरा हिशेब सांगतात. ज्यांनी खोल्या काढल्या नाहीत त्यांच्याकडेही जा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारे, पाण्यातल्या खेळांनी जाळ्यांना अडथळा होतो म्हणणारे, परराज्यातून कामाला आलेली पोरं. यांना कुणी विचारतच नाही, आणि मग अहवालात गाव सगळं खूश दिसतं. याचा मला फार राग येतो.

ग्रंथालयातला_एक
काकूंचं लिहिणं प्रिंट काढून सरांना दाखव.

थोडी भर घालतो. शोधगंगा या पीएच. डी. प्रबंधांच्या संकेतस्थळावर पर्यटनाचे प्रबंध उघडलेस तर निष्कर्षांआधी शेवटची परिशिष्टं बघ, प्रश्नावल्या तिथे असतात. कुठला प्रश्न वाईट आहे, हे चार वाचल्या की कळायला लागतं. खर्चाच्या प्रश्नांसाठी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७२वी फेरी (२०१४-१५) बघ, तिच्यात देशांतर्गत पर्यटनाच्या खर्चाचं सर्वेक्षण होतं. बटलर या अभ्यासकाचं १९८० चं पर्यटनस्थळाचं जीवनचक्र आणि डॉक्सीची १९७५ ची, पर्यटकांबद्दल स्थानिकांच्या उत्साहापासून विरोधापर्यंतची पायरी वाच, पण गाव त्यात कोंबू नकोस. एकाच वाडीत एका घरात उत्साह आणि शेजारी वैताग असतो.

जुन्या गोष्टी विचारताना साल विचारू नकोस. "सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला त्याच्या आधी की नंतर?", "तौक्ते वादळाआधी किती खोल्या होत्या?" असं विचार. पहिलं १९९७ चं, दुसरं मे २०२१ चं; साल तू घरी येऊन लाव. रेकॉर्डिंगला आधी परवानगी घे.

कुडाळची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवतेय : डिसेंबरात फक्त धक्का आणि पर्यटक, जूनमध्ये गाव. सरांना सांगेन की ३८४ हा आकडा फक्त पर्यटकांसाठी, गावातल्या मुलाखती कमी असतील पण लांब. काकू, परराज्यातल्या कामगारांशी मालकासमोर बोलणं बरं नाही ना? त्यांना कुठे गाठू?

देवबागची_काकू
मालकासमोर मुळीच नको. दुपारची जेवणं आटोपली की तीन-साडेतीनला ती पोरं किनाऱ्यावर मोबाइल घेऊन बसतात. हिंदीत बोल. पण पावसात त्यातली बरीचशी आपापल्या गावी जातात, तेवढं काम मात्र तुला डिसेंबरातच करावं लागेल.