ए३२० साठी लाखाचा हेडसेट: गरज की हौस?

उजवी सीट:
टाइप रेटिंग (ठराविक विमान चालवायचा परवाना) संपलं, पुढच्या महिन्यात एअरबस ए३२० वर लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रवासी घेऊन प्रशिक्षण. बॅचमधले निम्मे बोसचा ए३० हेडसेट घेऊन मोकळे झालेत, लाखाच्या वर खर्च. माझ्याकडे फ्लाइंग स्कूलपासूनचा हिरवा डेव्हिड क्लार्क कंपनीचा हेडसेट आहे. दणकट, पण दोन तासांनी टाळूवर कोणी हात दाबून बसल्यासारखं वाटतं. शिवाय त्याचे प्लग दोन आणि एअरबसला पाच पिनांचा एक्सएलआर, म्हणजे अडॅप्टर आलाच. जेटमध्ये नॉइज कॅन्सलिंगवर (गोंगाट उलट ध्वनिलहरींनी खोडणं) एवढे पैसे घालणं मला हौस वाटते. विमानात कंपनीचा हेडसेट असतोच की. पटतंय का?

चार पट्ट्या:
अर्धं पटतंय. सेसना १७२ सारख्या छोट्या पंख्याच्या विमानात इंजिनाची घुमणारी घरघर खालच्या सुरातली असते, नॉइज कॅन्सलिंग तिथे खरं चालतं. ए३२० मध्ये इंजिनं मागे राहतात. पुढे ऐकू येते ती काचेवरून जाणाऱ्या हवेची सरसर. ती वरच्या सुरातली, तिला कानावरची गादी अडवते. आणि क्रूझला गेल्यावर आमच्यातले बरेच जण शेजाऱ्याशी बोलायला एक कान उघडाच ठेवतात. मग कशाला लाख घालायचे?
वजन बघ. बोसचाच ए२० म्हणजे ३४० ग्रॅम, कानात घालायचा त्यांचा प्रोफ्लाइट सिरीज २ जेमतेम १३० च्या आसपास. चष्मा असेल तर दिवसाच्या चौथ्या सेक्टरला (उड्डाणाला) त्याची दांडी कशी रुतते ते कळेल.
कंपनीचा मात्र नको रे बाबा. गादीचं रेक्झिन सोलून काळे पापुद्रे निघतात. लँडिंगनंतर गालाला चिकटलेला पापुद्रा पर्सरने दाखवला होता मला.

बोइंगवाला:
काका, सगळं जग ए३२० नाही. ७३७ चं नाक ७०७ च्या घराण्यातलं, पन्नासच्या दशकातलं. तिथे वारा नुसता सरसरत नाही, ओरडतो. आणि नॉइज कॅन्सलिंग हेडसेटची कल्पना अमर बोस यांना सुचली ती जेटमध्येच, १९७८ साली झुरिकहून बॉस्टनला जाताना! वैमानिकांच्या हातात हेडसेट पडायला १९८९ उजाडलं, ते सोडा.

चार पट्ट्या:
प्रवासी म्हणून, केबिनमध्ये सुचली. इंजिनं तिथेच असतात.

कानवाले डॉक्टर:
वैमानिकांचे ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचे आलेख) बघतो म्हणून लिहितोय. कॅप्टनसाहेब, ती ‘एक कान उघडा’ सवयच मला खटकते. उघड्या कानात गोंगाट शिरतो, म्हणून झाकलेल्या कानातला व्हॉल्यूम वाढवला जातो. एक कान वाऱ्याने थकतो, दुसरा रेडिओने.
क्लास १ मेडिकल, म्हणजे वैमानिकांच्या वैद्यकीय तपासणीत, ऐकण्यातल्या घटीची मर्यादा ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबल, ३००० ला ५०. गोंगाटाने होणारं नुकसान बहुधा ४००० च्या आसपास आधी दिसतं. म्हणजे तुम्ही दरवर्षी पास होत असता आणि आलेखात तिथे खड्डा पडत असतो. घरी टीव्हीचा आवाज कोण वाढवतं, विचारा वहिनींना.

चार पट्ट्या:
वहिनींना कशाला मध्ये आणता! पण डॉक्टर, दोन्ही कान घट्ट बंद केले तर शेजारचा एफओ (सहवैमानिक) काय पुटपुटतोय ते कळत नाही, हीसुद्धा सेफ्टीच आहे.

बोइंगवाला:
इंटरकॉम कशाला दिलाय मग?

टॉवरवाला:
कानांवर एवढी भांडणं, माईकबद्दल एक शब्द नाही! आम्हाला तुमच्या गाद्या दिसत नाहीत, तुमचा आवाज येतो फक्त. मुंबईत संध्याकाळच्या गर्दीत कोणाचा तरी माईक हनुवटीखाली लोंबत असतो, अर्धा रीडबॅक (आमच्या सूचनेची पुनरुक्ती) हवेत जातो आणि मला “से अगेन” म्हणावं लागतं. तेवढ्यात तीन जण फ्रिक्वेन्सीवर घुसतात. माईक ओठांच्या कोपऱ्याला जवळजवळ टेकलेला हवा. हेडसेट निवडताना माईकची दांडी वाकवून बघा, आपोआप खाली घसरणारी असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

उजवी सीट:
टॉवरवाले, आत्ताच बघितलं. माझ्या हिरव्याची दांडी घसरते. फ्लाइंग स्कूलमध्ये रबरबँड लावला होता, तो अजून तसाच आहे.
काल मित्राचा प्रोफ्लाइट तासभर घालून बसलो. डाव्या कानाला मोठं टिप (कानात बसणारं रबरी टोक) लागलं, उजव्याला मधलं. हलका आहेच, पण कानात बोट घातल्यासारखं वाटत राहतं. डॉक्टरांचं वाचून नॉइज कॅन्सलिंग घ्यायचं ठरलंय, पण लाख नाही घालणार. चार पट्ट्या, तुम्ही मागे एकदा जुना डेव्हिड क्लार्कचा नॉइज कॅन्सलिंगवाला डीसी प्रो-एक्स विकायचाय म्हणाला होतात. आहे का अजून? गाद्या नव्या घालून घेईन.